सही न करणारे पंच

पोलिसांना मयताचा किंवा घटनास्थळाचा पंचनामा करायचा असला की पंच लागतात. ते त्याच भागातले, प्रतिष्ठित रहिवासी असावेत, अशी कायद्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात हवालदार जिना चढताना दिसला की प्रतिष्ठित रहिवाशांच्या दारांना आतून कड्या लागतात. कोणाला ऑफिसला उशीर होत असतो, कोणाच्या घरी पाहुणे यायचे असतात. मयताची भीती कोणालाच नसते. भीती असते ती सहीची. एकदा सही केली की पाच-सात वर्षांनी समन्स येणार, कोर्टाच्या बाकावर दिवस मोडणार आणि आरोपीचा वकील विचारणार की कपाटाचे दार डावीकडे उघडत होते की उजवीकडे. म्हणून मग ठाण्याच्या कागदपत्रांत तेच ते ‘नेहमीचे पंच’ सापडतात आणि उलटतपासणीत त्यांची शोभा होते.

हेच रहिवासी रात्री जेवणे आटोपल्यावर तीन-तीन तास पंचनामाच पाहत बसलेले असतात. खोलीत रक्त कुठे होते, फोन किती वाजता बंद झाला, धाकट्या भावाने जबाब का बदलला, हे सगळे त्यांना सांगता येते. दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी त्यावर वादही होतात आणि निकालही लागतात. ज्या कामापासून आपण दिवसा पळतो तेच रात्री झोप मोडून का करतो, हा या संग्रहामागचा प्रश्न आहे.

इथे एकत्र केलेले लेख फक्त माहितीपट-मालिकांविषयी आहेत: खरी माणसे, खऱ्या फायली, खरे फोटो. कल्पित गुन्हेकथा आणि ‘सत्य घटनेवर आधारित’ वेबसिरीज मुद्दाम बाजूला ठेवल्या आहेत, कारण तिथे नट मेला तरी प्रयोगानंतर चहा पितो. माणसाला हिंसेचे मूळचेच आकर्षण असते, हे नेहमीचे उत्तरही मी बाजूला ठेवतो. ते बहुधा खरे असेल, पण त्याने काहीच उलगडत नाही. या मालिकांत प्रत्यक्ष हिंसा फार थोडी दिसते. तासाभराच्या भागातली चाळीसेक मिनिटे तरी खुर्चीत बसून बोलणारी माणसे, पिवळे पडलेले कागद आणि वरून टिपलेली शहराची छपरे यांतच जातात. रक्ताची भूक असलेला माणूस इतका वेळ कागद वाचत बसणार नाही.

आपल्याकडे ही गोडी नेटफ्लिक्सने आणली, असे तरुण मित्र म्हणतात. ते खरे नाही. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा गाडीत खून झाला. हल्लेखोरांना खरे तर त्याच्यासोबतच्या, इंदूरच्या दरबारातून निसटून आलेल्या मुमताज बेगमला पळवून न्यायचे होते. धागे थेट इंदूरच्या दरबारापर्यंत गेले आणि पुढच्या वर्षी तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. तेव्हाच्या वाचकाने वर्तमानपत्रांतून हा खटला हप्त्याहप्त्याने वाचला. आज आपण ज्याला सीझन म्हणतो तोच हा प्रकार.

त्याहून बोलका नमुना १९५९चा. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला गेला. रस्त्यावर ‘आहुजा टॉवेल’ आणि खेळण्यातली ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ मिळू लागली, कारण मरताना आहुजाच्या अंगावर टॉवेल कसा होता यावर अर्धा खटला उभा होता. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना तो कौल मानता येईना, प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेले आणि जन्मठेप झाली. पुढे नानावटींना माफीही मिळाली. या खटल्यामुळेच भारतातली ज्यूरी गेली, असा लोकसमज आहे. प्रत्यक्षात ती हळूहळू, प्रांताप्रांतातून गेली आणि १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. पण त्या समजातही एक मर्म आहे. सामान्य माणसाला कोर्टात बसून निकाल देण्याची खुर्ची मिळाली होती. ती काढून घेतली गेली, तरी तिच्यावर बसण्याची हौस गेली नाही.

मराठी माणसाने ती हौस नाट्यगृहात भागवली. आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली रंगभूमीवर आले. माधव काझी नावाच्या भामट्याचा खटला त्यामागे होता. सगळे नाटक कोर्टात घडते आणि फिरत्या रंगमंचावर साक्षीदारांच्या हकिगती डोळ्यांसमोर उभ्या राहतात. आज माहितीपटात साक्षीदार बोलू लागला की पडद्यावर धूसर ‘पुनर्निर्मिती’ सुरू होते, त्याचे हे पूर्वरूपच. प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे, निपाणीचा तो तंबाखूचा व्यापारी, शपथेवर खोटे बोलतो हे पहिल्या पाच मिनिटांत कळते. तरी प्रेक्षक पुन्हा पुन्हा तिकीट काढत राहिला. लखोबा दोषी आहे का, हे बघायला कोणीच जात नव्हते. तो निसटतो कसा, हे बघायला जात होते. पुण्याला पुढच्या दशकात जोशी-अभ्यंकर हत्याकांडाने वेगळाच धडा दिला. १९७६-७७ मधल्या त्या खुनांतले आरोपी व्यावसायिक कला शिकणारे, शहरातच वावरणारे विद्यार्थी निघाले. संध्याकाळनंतर दारे बंद करून बसलेल्या त्या पुण्याच्या आठवणी सांगणारे लोक अजून भेटतात. मारेकरी बाहेरून येतो, ही समजूत तिथे कायमची मोडली असावी. मला तरी आजच्या मालिकांची खरी जमीन तिथे दिसते.

घर हीच ती जमीन. भारतात गेल्या काही वर्षांत बनलेल्या या प्रकारच्या मालिकांत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती लीना यादव यांची ‘हाऊस ऑफ सीक्रेट्स : द बुराडी डेथ्स’ (२०२१). तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या आकर्षणाची सगळी अंगे तिच्या तीन भागांत सापडतात.

१ जुलै २०१८ची सकाळ. दिल्लीतल्या बुराडी भागात संत नगरातले किराण्याचे दुकान रोजच्या वेळी उघडले नाही, म्हणून शेजारी डोकावला. घरात तीन पिढ्यांची अकरा माणसे मरून पडली होती. दहा जण छताच्या जाळीला लटकलेले, आजी दुसऱ्या खोलीत. घरफोडीची खूण नव्हती. दोन आठवड्यांपूर्वीच त्या घरात साखरपुडा झाला होता आणि त्यात पाहुण्यांसोबत हेच सगळे नाचले होते. वृत्तवाहिन्यांना भिंतीतून बाहेर आलेले अकरा पाइप दिसले आणि अकरा आत्म्यांसाठी अकरा वाटा, अशी गोष्ट दिवसभर चालली. पाइप हवा खेळती राहावी म्हणून बसवले होते, एवढे साधे स्पष्टीकरण कोणाला पुरेना.

मालिकेचा पहिला भाग बराचसा याच गोंगाटात जातो आणि मला तो सर्वांत कच्चा वाटतो. दुसऱ्या भागात वह्या येतात. अकरा वर्षांत लिहिलेल्या अकरा वह्या. वडिलांच्या मृत्यूनंतर धाकट्या मुलाच्या तोंडून वडील बोलतात, असे घरच्यांनी मानले आणि त्यांच्या आज्ञा उतरवून घेतल्या. पण वाचायला लागलो की त्या वह्या भुताखेताच्या राहत नाहीत. कोणी कोणाशी कसे बोलावे, फोन किती वापरावा, दुकानात काय सुधारावे, कोणाचे वागणे चुकले, असल्या सूचना त्यांत आहेत. कोणत्याही एकत्र कुटुंबातल्या कडक वडीलधाऱ्याने जेवताना सुनावाव्यात तशाच. आणि शिस्तीचा फायदाही होत होता: धंदा वाढला, मुले शिकली, गल्लीत नाव झाले. शेवटच्या सूचना वडाच्या पारंब्यांसारखे लटकून करायच्या एका पूजेच्या आहेत. त्यातून आपण वाचणार, वडील येऊन सोडवणार, अशी त्यांची खात्री होती. आदल्या रात्री घरातल्या बायका स्टूल घेऊन येताना समोरच्या सीसीटीव्हीत दिसतात, जणू सणाची तयारी चालली आहे. मृतांच्या मनाचा मागोवा घेणाऱ्या तज्ज्ञांचा निष्कर्षही असाच होता, की ही ठरवून केलेली आत्महत्या नव्हती; विधी करताना झालेला अपघात होता.

इथे खुनी कोण हा प्रश्नच गळून पडतो आणि तरी आपण उठत नाही. कारण समोर जे दिसते ते परके नाही. बैठकीच्या खोलीतला टीव्ही, देव्हारा, वरच्या मजल्यावर जाणारा अरुंद जिना, आणि ‘मोठ्यांचं ऐकायचं असतं’ हे वाक्य. एरवी शेजाऱ्याच्या घरात आपण चपला काढून हॉलपर्यंत जातो. माळ्यावरच्या पेट्या, कपाटातल्या वह्या, कोणाचे कोणाशी का पटत नाही, हे कधीच दिसत नाही. गुन्हा घडला की कायदा ते घर उघडतो आणि त्या उघड्या दारातून कॅमेरा शिरतो. या मालिकांच्या लोकप्रियतेतला मोठा वाटा मला या शिरकावाचा वाटतो. दुसऱ्याचे घर आतून कसे चालते, ही उत्सुकता खुनापेक्षा जुनी आहे. खून हे फक्त आत जाण्याचे निमित्त.

बायकांना या मालिका जास्त का आवडतात, या प्रश्नाचा विचारही इथूनच करावा. अमान्डा व्हिकरी आणि क्रिस फ्रेली यांनी २०१० साली सत्यगुन्ह्यांच्या पुस्तकांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुरुषांपेक्षा स्त्रियांचा ओढा अशा पुस्तकांकडे जास्त दिसला. आणि सुटकेच्या युक्त्या किंवा मारेकऱ्याच्या मनाचा वेध ज्यात असेल त्या पुस्तकांकडे तर आणखी. निष्कर्ष असा की बायका यातून स्वतःला वाचवायला शिकतात. मला तो अर्धा पटतो. हल्लेखोराला कसे चकवावे हे शिकायला कोणी बुराडी पाहत नाही. रात्री ओटा आवरून, कानात हेडफोन घालून ‘अजून एकच भाग’ म्हणणाऱ्या बाईला त्यात एक दुजोरा मिळत असावा. घर म्हणजे सुरक्षित जागा, हे तिला आयुष्यभर सांगितलेले असते आणि तिला ते कधीच पूर्ण खरे वाटलेले नसते. पडद्यावर निदान कोणीतरी मान्य करते की तपास स्वयंपाकघरापासून सुरू करावा लागतो.

आता पंचाच्या दुसऱ्या बाजूकडे. आपल्याला जे दाखवतात ते पंचनाम्याइतके कोरडे नसते. पंचनाम्यात जे दिसले ते दिसले त्या क्रमाने लिहितात. माहितीपटात क्रम हेच हत्यार आहे. पहिल्या भागाच्या शेवटी नवऱ्यावर संशय, दुसऱ्यात तो बिचारा, तिसऱ्यात पुन्हा संशय. हे सत्य उलगडण्याचे टप्पे नाहीत, संकलकाच्या टेबलावर ठरलेले टप्पे आहेत. संकलकाला शेवट पहिल्यापासून ठाऊक असतो आणि तो आपल्यापासून लपवणे हे त्याचे कसब.

‘द जिंक्स’ (२०१५) या मालिकेचा शेवट जगभर गाजला. न्यूयॉर्कच्या धनाढ्य घराण्यातला रॉबर्ट डर्स्ट मुलाखत संपवून स्वच्छतागृहात जातो, कॉलरला माइक तसाच असतो आणि तो स्वतःशी पुटपुटतो. ते पुटपुटणे कबुलीसारखे ऐकू येते. शेवटचा भाग दाखवण्याच्या आदल्या दिवशी त्याला अटकही झाली. पुढे खटल्याच्या निमित्ताने पूर्ण ध्वनिमुद्रणाची नक्कल बाहेर आली, तेव्हा कळले की ती दोन वाक्ये त्याने त्या क्रमाने, एकापाठोपाठ एक उच्चारलीच नव्हती. डर्स्ट दोषी होता का? २०२१ साली ज्यूरीने त्याला खुनाबद्दल दोषी ठरवले. मग वाक्ये पुढेमागे केली तर बिघडले काय, असे म्हणणारे आहेत. मी त्यांच्यात नाही. एखाद्या फौजदाराने जबाबात असेच केले असते तर आपण त्याला काय म्हटले असते?

याउलट १९८८चा एरॉल मॉरिस यांचा ‘द थिन ब्लू लाइन’ आहे. डॅलसमध्ये १९७६ साली झालेल्या एका पोलिसाच्या खुनासाठी रँडल डेल ॲडम्स शिक्षा भोगत होता. त्याला आधी मृत्युदंडच झाला होता. मॉरिस यांनी एकच प्रसंग पुन्हा पुन्हा, प्रत्येक साक्षीदाराच्या सांगण्यानुसार बदलून उभा केला, आणि साक्षी किती पोकळ आहेत हे कोणाला न ओरडता दिसले. १९८९ साली ॲडम्स सुटला. कॅमेऱ्याने माणूस सोडवल्याचे हे उदाहरण या क्षेत्रातले सगळे अभिमानाने सांगतात. त्याची पुढची गोष्ट कमी जण सांगतात: सुटल्यावर ॲडम्सला स्वतःच्याच आयुष्याच्या कथेवर हक्क मिळवण्यासाठी मॉरिस यांच्याविरुद्ध न्यायालयात जावे लागले. ते भांडण आपसांत मिटले. पण ज्याच्यावर गुदरले त्याची गोष्ट कोणाच्या मालकीची, हा प्रश्न तेव्हापासून तसाच लटकला आहे.

‘मेकिंग अ मर्डरर’ आले डिसेंबर २०१५मध्ये. दहा भाग पाहून उठलेल्या लाखाहून जास्त प्रेक्षकांनी खुनाबद्दल शिक्षा भोगणाऱ्या स्टीव्हन ॲव्हरीला माफी द्या म्हणून व्हाइट हाऊसकडे अर्ज केला. उत्तर आले की राज्याच्या कायद्याखालच्या गुन्ह्यात राष्ट्राध्यक्षांना माफीचा अधिकारच नाही. निकाल तयार होता, फक्त न्यायालय चुकले होते!

आपल्याकडे कायद्याशी होणारी ही टक्कर वेगळ्या ठिकाणी होते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब भारतात पुरावा म्हणून चालत नाही. १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये हे होते आणि नव्या साक्ष्य अधिनियमातही आहे. मारून-धमकावून कबुल्या घेतल्या जातील, या भीतीपोटीची ती तरतूद. मालिकेचा उत्कर्षबिंदू मात्र नेमका हाच असतो: टेबल, दिवा, समोर तपास अधिकारी आणि मान खाली घालून ‘हो’ म्हणणारा माणूस. न्यायालयात ज्या ‘हो’ला किंमत नाही, तेच पडद्यावर अंतिम सत्य होते. बंगळूरू पोलिसांच्या तपासाचे थेट चित्रण करणाऱ्या ‘क्राइम स्टोरीज : इंडिया डिटेक्टिव्ह्ज’ या मालिकेचा एक भाग कर्नाटक उच्च न्यायालयाने आरोपीच्या तक्रारीवरून थांबवला, त्यामागे हीच चिंता होती.

मुंबईत २०२४ साली उलटे घडले. शीना बोरा खून प्रकरणावरची चार भागांची मालिका २३ फेब्रुवारीला येणार होती. खटला चालू असताना ती दाखवू नये म्हणून सीबीआय उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्तींनी मालिका आधी स्वतः पाहिली, खटल्याला बाधा येईल असे तिच्यात काही आढळले नाही आणि अर्ज फेटाळला. मालिका लगोलग प्रदर्शित झाली. मला हा निर्णय योग्य वाटतो. पण ज्या खटल्यातले साक्षीदार अजून पिंजऱ्यात यायचे आहेत, त्यातल्या मुख्य आरोपीला सोफ्यावर बसून कॅमेऱ्याशी बोलताना पाहणे सोपे जात नाही, हेही नोंदवतो.

नागपूरच्या घटनेवरची ‘इंडियन प्रिडेटर : मर्डर इन अ कोर्टरूम’ (२०२२) या सगळ्यांत वेगळी पडते. दिग्दर्शक ‘वळू’, ‘विहीर’ आणि ‘देऊळ’चे उमेश कुलकर्णी. कस्तुरबा नगरातल्या बायकांवर वर्षानुवर्षे अत्याचार करणाऱ्या अक्कू यादवला १३ ऑगस्ट २००४ रोजी जिल्हा न्यायालयातच जमावाने ठार केले. वस्ती दलितांची, तक्रारी पोलिसांकडे जायच्या आणि तिथेच विरायच्या. बायका म्हणाल्या, आम्हा सगळ्यांनाच अटक करा. २०१४ साली सगळे आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. मालिकेच्या सुरुवातीला गुंडाच्या दहशतीची वर्णने गरजेपेक्षा लांबतात. पण जिथे कॅमेरा वस्तीतल्या बायकांसमोर नुसता थांबतो, तिथे प्रेक्षकाची नेहमीची जागाच हलते. कोणी मारले हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे आणि कोर्टाला कधीच कळलेले नाही. बघणाऱ्यालाही ते कळावेसे वाटत नाही. चार भिंतींच्या आत घडलेल्या गुन्ह्यात आपण उत्तर मागतो. इथे उत्तर न मिळण्यात समाधान वाटते. आपल्याला न्याय हवा असतो की फक्त गोष्ट पूर्ण व्हायला हवी असते, हे या मालिकेइतके दुसऱ्या कुठल्या मालिकेने मला विचारले नाही.

पुढचे लेख याच वादात वेगवेगळ्या बाजूंनी उतरतात आणि त्यांचे आपसांत पटत नाही. पटावे, असा प्रयत्नही केलेला नाही. काही लेखकांना हे सगळे प्रकरणच उठवळ वाटते, काहींच्या मते हल्ली तपासाच्या चुका वर्तमानपत्रांपेक्षा इथेच जास्त दिसतात. संपादन करताना दोनच बंधने घातली. एक, मेलेल्यांचे फोटो छापायचे नाहीत, मालिकांत ते कितीही वेळा दाखवलेले असोत. दुसरे, आरोपीविषयी लिहिताना खटला कोणत्या टप्प्यावर आहे हे प्रत्येक लेखात स्पष्ट यावे: आरोपपत्र, सुनावणी, शिक्षा, अपील किंवा सुटका. या दुसऱ्या अटीमुळे तीन लेखकांशी वाद झाला. त्यांचे म्हणणे, त्याने वाचनाची लय तुटते. लय तुटते हे खरे आहे. ती वाक्ये तशीच ठेवली आहेत.